व्यंकट सरांची भोकाची बाटली

व्यंकट सर लातूरला लेकीच्या घरी वारले, हे त्यांच्या जावयानं फोनवर सांगितलं तेव्हा मी विष्णुपुरीला एका भिंतीला ओळंबा लावून राहिलो होतो. जावई म्हणाला, "काका, चहा पिले, पेपर वाचला, अन् खुर्चीतच गेले." मी दोरी हातात धरून तसाच उभा... रडू नंतर आलं. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की माझं एक बोलायचं राहून गेलं.

मी चौथी शिकलेला गवंडी. सर लातूरला हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झालेले. त्यांचं नांदेडचं घर मी बांधलं, तिथून दोस्ती जमली. पन्नास वर्षांत मी कोणापुढं 'चुकलो' म्हटलेलं नाही. कामावरच्या सगळ्यांना ते माहीत होतं, अन् मला त्याचा अभिमान होता.

तीनेक वर्षांखाली मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. धरती सपाट, ताटासारखी, मधोमध उत्तर ध्रुव. धरतीची ओढ-बिढ काही नाही. जड ते खाली, हलकं ते वर, संपलं. मला लगेच पटलं. भिंतींची पातळी जुळवायला आम्ही पाण्याची नळी लावतो, तिच्यात बुडबुडा राहिला तर तो वरच चढतो, हे मी जन्मभर बघितलेलं. सरांच्या घरी जाऊन ठणकावलं, "सर, पोरांना खामखा खोटं शिकवलं तुमी!"

सर चिडले नाहीत. म्हणाले, "मिस्त्री, हलकं वर जातं म्हनता. पन वर कोन्या अंगाला हाय, हे त्या बुडबुड्याला सांगतं कोन?"

"त्याला कळतंय."

"बुडबुड्याला कळतंय, अन् तुमाला न्हाई?" आतून सरांच्या बायकोच्या, वहिनींच्या हसण्याचा आवाज आला. मग माझा पारा चढला. म्हटलं, चला, धरती ओढते असं धरू, पण हाय सपाटच. लातूरला भिंती बांधल्या, नांदेडला बांधल्या, ओळंबा दोन्हीकडं सरळच लोंबतो. सरांनी जेवायचं ताट पुढं ओढलं, मधोमध भाकरीचा तुकडा ठेवला. "हा तुमचा उत्तर ध्रुव. इकडं, मधापासून लांब, आपलं नांदेड. ताट जिकडं जास्त, तिकडं ओढ जास्त. मग तुमचा ओळंबा उत्तरेला कलंल का न्हाई? अन् गोदावरी तेलंगणात कशाला जाईल? दिल्लीकडं पळंल की!"

मी म्हटलं, "नदीची मर्जी." तेव्हा धरती ओढते का नाही यावर पैज लागली. हरलेल्यानं कामावर सगळ्यांसमोर 'चुकलो' म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी सर साइटवर हजर. हातात प्लास्टिकची बाटली, बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं. पाणी भरलं अन् सत्तरी ओलांडलेला माणूस परांचीवर चढला. भोकांतून धारा लागल्या. वरून ओरडले, "पानी हवेपेक्षा जड हाय, म्हनून खाली पडतंय. बरोबर?"

"हाव."

"बाटली सोडली तरी पानी जडच ऱ्हाईल. मग धार चालूच ऱ्हायला पायजे?"

"ऱ्हाईल! लिहून देतो."

सरांनी बाटली सोडली. हातातून सुटली तशी धार बंद. खाली आपटेपर्यंत भोकांतून थेंब नाही! पाणी तेच, हवा तीच. सर म्हणाले, "बाटली अन् पानी, दोघांना धरती सारखंच ओढते. दोघं संगं पडतात, मग पानी बाटलीतून पुढं कसं पळंल? नुसत्या जडपनाची गोष्ट असती तर धार थांबली नसती." मी पाच-सहा वेळा सोडायला लावली. खाली उभं राहून भिजलो, भोकं बोटानं तपासली. मजूर टाळ्या पिटून राहिले, अन् मग सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले.

मला कळलं होतं. पण मी म्हटलं, "बाटली खराब हाय," अन् थापी उचलून गिलाव्याला लागलो.

सर इतके हसले की परांचीचा बांबू धरावा लागला. त्यांनी पैजेचं नाव परत काढलं नाही. पण दर रविवारी नवी बाटली घेऊन यायचे. "मिस्त्री, ही तरी चांगली हाय का बघा." मी बघायचो, मान हलवायचो, "न्हाई." मग चहा. दोन वर्षं हेच चाललं. माझे रविवार त्या वाईट बाटल्यांनी लई चांगले गेले.

तेरवीला सगळे सरांचे गुण सांगत होते. कोणीतरी मला म्हटलं, मिस्त्री, तुम्हीपण बोला. पुढं शिकलेले मास्तर, मागं माझे मजूर. "सर," मी फोटोकडं बघून म्हटलं, "मी चुकलो. पयलीच बाटली चांगली होती."

पहिल्यांदा पदरात तोंड घालून वहिनी हसल्या. त्यांच्यामागं मजूर, मग मास्तर. तेरवीच्या मांडवात एवढं हसलेलं मी कधी पाहिलं नाही.

आता एक वाद तेवढा राहिलाय. त्यांच्या ओसरीची पायरी मी डावीकडं झुकती बांधली, असं सर कायम म्हणायचे. परवा त्याच पायरीवर चहा घेत बसलो होतो, पिशवीत बुडबुड्याची लेव्हल होती. वहिनी म्हणाल्या, "मिस्त्री, लावून बघा की एकदा."

"बघायचं काय त्यात, वहिनी? सरळच हाय," मी म्हटलं, अन् पिशवी पायाखाली सरकवली.