थॉर्नबी साहेबाची तीन घरं आणि पहिल्या तोड्याची टोपली

जायचं ठरलं तेव्हापासून घरी परतेपर्यंत माझी भीती काही गेली नाही. वऱ्हाडातले जुने साहेबी बंगले आणि गिरजाघरं बघायची हौस असेल तर खुशाल जा, वाट मी सांगते. फक्त मी गेले तशा अवस्थेत जाऊ नका.

आमचं घर चांदूर बाजारच्या माळ्याचं. माझे सासरे थॉर्नबी साहेबाच्या बागेत कामाला होते, आमच्या संत्र्यांची पहिली कलमं साहेबानंच दिलेली. तेव्हापासूनची रीत अशी की पहिल्या तोड्याच्या संत्र्यांची टोपली साहेबाच्या तिन्ही घरांवरून न्यायची: अमरावती, अकोला आणि शेवटी चिखलदरा. तिथं गिरजाघरामागे साहेबाचं एक लेकरू पुरलेलं आहे, त्याच्या दगडावर टोपली रिकामी करायची. तोवर एक संत्रं बाजारात जात नाही. सासरे दरसाल एकटेच जात. ते पावसाळ्यात वारले आणि आमच्या ह्यांना बागेचं ओलित सोडून हलता येईना. तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझी सासू, म्हणाल्या, "मी जातो. अन् तू चाल माह्यासंगं. दगडावरचं नाव मले कोन वाचून देईन? तुले वाचता येते."

झालं. मला तिसरा महिना चालू होता. आधीचे दोन टिकले नव्हते, म्हणून या खेपेला दृष्टीच्या भीतीनं ह्यांच्याशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. आणि पोटुशी बाईनं मसणवटीत पाय ठेवायचा नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. सांगावं तर दृष्ट, न सांगावं तर मसणवट. हे म्हणाले, "तू बाहेर थांब, काही तरी सांगून दे." पुरुषांना सगळं सोपं असतं.

अमरावतीला जायला पहाटेचीच मोटार गाठा. नंतरच्या मोटारीत जागा मिळालीच तर सरकीच्या पोत्यावर मिळते. मध्यप्रांताचं सरकार नागपुरात बसतं, त्याला आमचे खड्डे कुठून दिसणार? प्रत्येक खड्ड्याला मी दोन्ही हातांनी पोट धरत होते, आणि आत्याबाईंनी पाहिलं की पदर सावरल्यासारखं करत होते.

अमरावतीच्या क्यांपातला साहेबाचा बंगला मोठा, कौलारू, आणि बंद. गेटाच्या दगडात गव्हाची एक पेंढी कोरलेली आहे, ती जरूर बघा. चौकीदारानं शेजारचं गिरजाघरही उघडून दाखवलं. आत गारठा, आणि भिंतीवरच्या संगमरवरात पुन्हा तीच पेंढी.

"विलायतेत साहेबाच्या गावाले बी असंच घर हाय म्हनते, अन् असंच गिरजाघर," चौकीदार म्हणाला. "साऱ्या पिढ्या तिथंच पुरल्या. घरावर पेंढी, थडग्यावर बी पेंढी."

"घरावर अन् थडग्यावर एकच खूण?" आत्याबाई म्हणाल्या. "कसे राह्यत असन हे लोकं."

त्यानंतर कुठेही पेंढी दिसली की मला त्या लेकराचा दगडच दिसायला लागला.

बडनेऱ्याहून अकोल्याला रेल्वे. भाकर आणि ठेचा घरूनच बांधून न्या, स्टेशनावरच्या भज्यांना घासलेटाचा वास येतो. अकोल्याच्या बंगल्यात साहेबाची म्हातारी मडम राहते. तिनं टोपलीतलं एक संत्रं उचललं, हुंगलं आणि परत ठेवलं. मग माझ्याकडे बघत राहिली आणि स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. आत्याबाई टोपली उचलायला वळल्या तेव्हा मोडक्या मराठीत हळूच म्हणाली, "वरती, चिखलदरा, तू आत नको जाऊ." हिला कसं कळलं?

"काय म्हने मडम?" बाहेर आल्यावर आत्याबाईंनी विचारलं.

"संत्री गोड आहेत म्हणाली."

"न खाताच?"

मुर्तिजापूरहून एलिचपूरला छोटी गाडी जाते. ती इतकी रमतगमत चालते की मला बरंच वाटलं. खरी परीक्षा घाटात. चिखलदऱ्याच्या मोटारीत बसण्याआधी पोटभर खाऊ नका आणि दरीकडची जागा घेऊ नका. मला नेमकी तीच मिळाली. एका वळणावर ड्रायव्हरनं इंजिनात पाणी ओतायला मोटार थांबवली, तर शेजारचा प्रवासी म्हणतो, "काल याच जागी वाघ बसून होता." एरवी मी घाबरले असते. पण माझी भीती वर, गिरजाघरामागे बसलेली होती.

वर धुकं होतं. साहेबाचा बंगला धड दिसलाही नाही, त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. गिरजाघरामागे कमरेइतकी भिंत आणि एक लोखंडी फाटक. आत्याबाईंनी ते ढकललं. मी बाहेरच थांबले.

"मी आत येत नाही, आत्याबाई."

"काहून?"

माझा हात पदराआडून पोटावर गेला. त्यांनी टोपली जमिनीवर ठेवली.

"कितवा महिना?"

"तिसरा."

"अन् त्या मोटारीत बसली? डोकं हाय का ठिकानावर?" त्यांचा आवाज चढला. मग टोपलीकडे बघून म्हणाल्या, "मंग नाव कोन वाचीन?"

"नाव राहू द्या. पेंढी बघा, क्यांपातल्या गेटावरची."

आत्याबाई उभ्या जन्मात मसणवटीत गेल्या नव्हत्या. सासऱ्यांना नेलं तेव्हाही त्या दारातच थांबल्या होत्या. त्यांनी पदर खोचला, टोपली डोक्यावर घेतली आणि एकट्या आत गेल्या.

मी भिंतीला धरून बघत होते. दगड सापडला की टोपली पालथी करायची, काम एवढंच. पण त्या वाकल्या, थोडी संत्री ठेवली, उठल्या, दोन पावलं सरकल्या आणि पुन्हा वाकल्या. मग आणखी एकदा. मग आणखी. चारदा. शेवटच्या वेळी बराच वेळ उठल्याच नाहीत.

बाहेर आल्यावर त्यांनी आधी नळावर हातपाय धुतले.

"सापडलं?" मी विचारलं.

"सापडलं. एकच हाय, लहानसं. तुया सासऱ्यानं सांगतलं होतं तसंच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

तेव्हा मला मडमही समजली आणि सासरेही. ते दरसाल घरी येऊन एकच दगड आहे असं का सांगत, तेही. आमच्या घरात कोणी ना कोणी बाई पोटुशी असायचीच.

उतरताना आत्याबाईंनी मला मोटारीत मधोमध बसवलं आणि आपला हात माझ्या पोटावरून आडवा धरला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हळू चालव बाबा. माही सून पोटुशी हाय." मी इतके दिवस दृष्टीला भिऊन जपलेली गोष्ट त्यांनी भर मोटारीत सांगून टाकली. परतवाड्यापर्यंत तो हात हलला नाही.

दुसऱ्या दिवशी आमची संत्री बाजारात गेली. आता मला सातवा लागला आहे. बंगले, कौलं, संगमरवर यातलं फारसं आठवत नाही. भीती आहेच, रोज आहे. धुक्यात वाकणाऱ्या आत्याबाई डोळ्यांसमोरून जात नाहीत.

परवा त्या ओसरीवर गहू निवडत होत्या. शेजारची काकू तिच्या पोटुशा सुनेला घेऊन आली होती. तिनं विचारलं, "कितीक दगड हायेत वं तिथं, साहेबाच्या लेकरायचे?"

"एकच," आत्याबाई म्हणाल्या.

काकूनं माझ्याकडे पाहिलं. तिची सूनही बघत होती.

"एकच आहे," मी म्हटलं. "नाव वाचलं ना मी."

आत्याबाईंचा हात सुपात थांबला. मग त्या पुन्हा गहू निवडू लागल्या.