एकाच खोक्यातली दोन डोंगलं

धुळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे ढीगभर. पण कॉम्प्युटरला वायफाय देणारं बोटभर डोंगल विकण्याआधी कवच नखानं उकलून आतली चिप बघणारा भटू एकटाच. लोक म्हणतात, भटूभाऊला वेड लागलं. लागलंच आहे, खोटं कशाला बोला!

पारोळा रोडवर केळी पिकवायच्या बंद खोल्या आहेत. आतली हवा बिघडली की माणूस उभ्याउभ्या कोसळतो, म्हणून शिरण्याआधी मोबाईलवर हवेचा आकडा बघायचा, असा तिथला नियम. आकडे पाठवणारा, लिनक्सवर चालणारा डब्याएवढा कॉम्प्युटर भटूनंच बसवलेला. त्याचं डोंगल जळालं तेव्हा त्यानं तस्संच दुसरं लावलं. खोकं तेच, मॉडेल तेच. स्क्रीनवर चिपचा नंबर तेवढा वेगळा दिसला. जुन्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्राम, लिनक्समध्येच होता. नवीचा त्यानं इंटरनेटवरून आणून चढवला. घटकाभर आकडे आले, हिरवा दिवा लुकलुकला, आणि हा गडी चहाला निघाला.

त्या ड्रायव्हरला एक खोड होती. काम कमी झालं की वीज वाचवायला तो चिपला झोपवायचा, आणि झोपलेली चिप उठायचीच नाही. सेटिंगमध्ये एक ओळ लिहिली असती तर खोड मोडली असती. एक ओळ, अरे देवा! मोबाईलवर जुनाच चांगला आकडा तसाच राहिला, आणि कामावरचा सुकलाल आत गेला तो गेलाच.

तेव्हापासून भटूला जेवताना ताटातसुद्धा तो हिरवा दिवा दिसतो. भर दुपारी, दुकानात कुणी नसताना, मागून सुकलाल विचारतो, "हवा चांगली शे ना, भाऊ?" भटू वळून बघत नाही.

महिन्याभरानं सुकलालची बायको कस्तुरा नवऱ्याचा मोबाईल घेऊन आली.

"बठ्ठा लोक म्हनतस, त्यास्नी आकडा देखाच नही. सासरा बी म्हनस. यामा देखा ना, भाऊ."

डोंगलबद्दल भटूला कुणी काही विचारलं नव्हतं. गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. त्यानं मोबाईल उघडला. त्या दिवशी, आत जाण्याआधी, आकडा दोनदा पाहिल्याची नोंद होती. त्यानं स्क्रीन तिच्याकडे फिरवला.

"दोनदा पाहिला त्यानं, वहिनी. आकडाच शिळा होता. चिप वेगळी आहे हे मला दिसलं होतं, मी मनावर घेतलं नाही. चूक माझी."

आता ही तोंडात मारणार, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

"दोनदाव देखा त्यास्नी?" कस्तुरा मोबाईल छातीशी धरून हुंदके देत राहिली. मग डोळे पुसले.

"जे माले सांगं, तेच मना सासराले सांगा. आतेच चला."

भटूनं शटर ओढलं.