आधी साधा ब्रॉथ

माझी मावशी कोंबडीखाद्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत जंतूंसाठी मीडिया, म्हणजे त्यांचं खाणं बनवते. तिथे तिला सगळे आचारीणबाई म्हणतात. "माझ्या हातच्या जेवणाला अजून एकाही जंतूनं नावं ठेवलेली नाहीत," असं ती ऐटीत सांगायची. घरात मात्र तिच्या जिभेला हाड नव्हतं.

कोरड्या खाद्यातला साल्मोनेला हा रोगजंतू अर्धमेला असतो. त्याला थेट बाकीच्या जंतूंना मारणाऱ्या जहाल मीडियात टाकलं तर तो मरतो आणि आपल्याला वाटतं, नमुन्यात काहीच नव्हतं. म्हणून आधी त्याला रात्रभर साध्या, मवाळ ब्रॉथमध्ये, म्हणजे पातळ मीडियात, सावरू द्यायचं. मावशीनं हे जन्मभर केलं.

एका दुपारी तिची लेक, माझी ताई, सासरहून न कळवता आली. चेहरा पार उतरलेला. मी पाणी आणायला उठले, तोवर मावशीनं दारातच तोफ डागली. "भांडून आलीस? काय केलंस? परत कधी जाणार?"

"काही नाही गं आई, सहज आले," ताई म्हणाली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

"बघ, काहीच नव्हतं," मावशी मला म्हणाली.

महिन्याभरात ताईनं जीव दिला. मी मावशीशी बोलणंच टाकलं.

आता मीही त्याच प्रयोगशाळेत आहे. परवा घाईघाईत मी एक नमुना थेट जहाल मीडियात टाकायला निघाले. मावशीनं माझा हात धरला.

"आल्या आल्या नको गं," ती हळूच म्हणाली. "मग 'काही नाही' असंच सांगतात."