एक सलाईन लावा

दिवाळीपासून कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी बायको जागची उठेना, म्हणून तिला तलवाड्याच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. ते तिला विचारत होते आणि उत्तरं मी देत होतो.

"वहिनी, झोप लागते का?"

"लागती की! नुसता अशक्तपणा हाय. एक सलाईन लावा, संपलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "भाऊ, तुमी जरा बाहेर बसा."

पाहुण्यारावळ्यांत कुणाला बोलू न देणारा मी मुकाट्यानं बाकड्यावर जाऊन बसलो. मधे फक्त एक पडदा होता. आतलं सगळं ऐकू येत होतं. मग डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं, "जगणं नको वाटतं का कधी?"

छे, काहीतरीच! माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. कसंबसं गिळलं.

"वाटतं," ती म्हणाली. "रोजच वाटतं."

मी उठलो, पडद्याला हात लावला आणि परत बाकड्यावर बसलो.

"सांगितलंत ते लई बरं केलं," डॉक्टर म्हणाले. "ह्याला इलाज हाय. आज औषध देतो, परवा परत या. अंबाजोगाईच्या मोठ्या डॉक्टरांशी मी बोलतो. पण तोवर सोबत कुणीतरी पाहिजे. घरात कुणाला सांगू?"

"ह्यांनाच बोलवा आत," बायको म्हणाली. "फक्त बोलू देऊ नका."