ग्रेसचं दुकान माझ्या कवितांनी बंद पाडलं

मंडळी, "आप्पा, आजची कविता उघडत नाही" असे तुमचे निरोप सकाळपासून येताहेत. उत्तर द्यायची लाज वाटत होती.

शाळेतल्या कविता चालीत म्हणून मी तुम्हाला पाठवतो ना, ते व्हिडिओ मी ग्रेसच्या वेबसाइटवर ठेवत होतो. ग्रेस मूळची पालीची, इथे बेव्हर्ली पार्क वसाहतीत आमची शेजारीण. घरी कुटून बाटल्यांत भरलेला बॉटल मसाला विकते. साइटवरचं मराठी मी लिहून दिलं, म्हणून पासवर्ड माझ्याकडे. "काका, एखादी कविता टाका की," ती म्हणाली होती. मी अख्खी शाळाच भरवली.

आज कंपनीने तिची साइट बंद केली. पानं झटपट उघडावीत म्हणून तिने घेतलेली सेवा व्हिडिओ साठवायला वापरायची नाही, असं अटींमध्ये स्पष्ट होतं. आत गेलं की ताकीदही दिसायची. पण मी मनाने तिसरीच्या बाकावर. ताकीद बाजूला सारायचो आणि पुढची कविता चढवायचो.

"काका, लग्नसराईच्या ऑर्डरी अडकल्यात हो," एवढंच ती बोलली. मी तिच्याशेजारी बसून एकेक व्हिडिओ पुसत होतो. तेवढ्यात तिला एका गिऱ्हाइकाचा फोन आला.

"नाही हो, दुकान चालूच आहे. माझ्याकडूनच जरा गडबड झालीये."

तिने माझं नाव घेतलं नाही, म्हणून मीच इथे लिहितोय. तिची गिऱ्हाइकं तुमच्यातही आहेत. त्यांना सांगाल ना, चूक आप्पाची होती?