साहेबांचा फेटा आणि रज्जाकभाईंची घोडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मंडळी. पुढे माझी इतकी शोभा होणार आहे की तुम्हाला माझी कीव येईल आणि किश्श्याची मजा जाईल.

तर, उधन्याच्या बाहेर खाडीपलीकडे एक वनउद्यान आहे. झाडं, मातीच्या वाटा, सकाळची मोकळी हवा. तिथे आम्ही कुत्री फिरवतो. लग्नाला घोडी पुरवणारे रज्जाकभाईही आपल्या पांढऱ्या रानीला पाय मोकळे करायला तिथेच आणतात. मध्यंतरी कुणीतरी तक्रार केली की कुत्री अंगावर येतात, घाण करतात. झालं! बागेचे मोठे साहेब स्वतः पाहणीला येणार, आणि त्यांना पटलं नाही तर कुत्र्यांना फाटक कायमचं बंद. माझा शेरू म्हणजे पांडेसऱ्याला आमच्या डाइंग मिलच्या दारात सापडलेला गावठी. दोन खोल्यांत कोंडला तर तो वेडा होईल, आणि त्याच्याआधी मी.

मग काय, झालो मी पुढारी! कुणी केलं? कुणीच नाही. गळ्यात शिट्टी अडकवली की माणूस आपोआप पुढारी होतो.

आठवडाभर सगळ्यांना पिडलं. पट्टा आखूड धरा. घाण पिशवीत उचला. घोडी आली की बाजूला व्हा, कुत्र्याला बसवा, आवाज करू नका, जनावर बिचकतं! कतारगामचे एक काका आपल्या लॅब्रॅडॉरला गाठिया चारायचे, त्यांना तर मी रडकुंडीला आणलं. रज्जाकभाईंनाही सोडलं नाही.

“रज्जाकभाई, घोडी को संभालना. साहेब के सामने तमाशा नहीं चाहिए.”

“मेरी रानी तो गाय है, पाटीलभाई. आप अपना देखो.”

आता मला सांगा, साहेब येणार आणि सत्कार नाही? आपल्या माणसाला साहेब दिसला की सत्काराची खाज सुटतेच. नुसता हार म्हणजे दरिद्रीपणा! मी साल्याच्या लग्नातला गुलाबी फेटा पेटीतून काढला. बायको म्हणाली, “बागमा फेटा? त्या काय नवरदेव शेतस का?”

बायकोचं ऐकायचं असतं, हे मला नेहमी नंतर कळतं.

साहेब आले. कुत्री अशी शिस्तीत बसली होती की शाळेतली पोरं लाजावीत. शेरूने चक्क पंजा दिला! साहेब खूश. रज्जाकभाई रानीला घेऊन शांतपणे पलीकडून निघाले. हीच वेळ, म्हटलं. साहेबांना हार घातला, डोक्यावर फेटा चढवला. तेवढ्यात कुणाच्या तरी कुत्र्याने घाण केली, ती मी साहेबांना दाखवत दाखवत पिशवीत उचलली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात शेरूचा पट्टा.

आणि खिशात फोन वाजला.

मिलमध्ये मशीनच्या धडधडीत काही ऐकू येत नाही, म्हणून माझ्या फोनचा आवाज कायम फुल्ल. आणि रिंगटोन? साल्याच्या वरातीतला बँड, मीच रेकॉर्ड केलेला! खानदेशी बँड, राव! मेलेला उठून नाचेल.

रानी थबकली. कान टवकारले. वळली. आणि पुढचे पाय उचलून ठुमकत ठुमकत थेट साहेबांपुढे येऊन आडवी उभी राहिली. बसा नवरदेव!

“अरे ए! आ शुं छे?” साहेब ओरडले.

रज्जाकभाई लगाम ओढून घामाघूम. “ये दो ही चीज समझती है, साब! बाजा और साफा. दोनों साथ दिखे तो बस, दूल्हा!”

मी फोन उचलेना, म्हणून बायको पुन्हा पुन्हा लावतेय. बँड थांबतोय कशाला! बाकड्यांवरच्या बायका धावत आल्या, “कोनी जान छे? कोनी जान छे?” म्हणजे वरात कुणाची! एकीने साहेबांची दृष्ट काढली. गाठियावाले काका नाचायला लागले.

आणि मी? खोटं कशाला बोलू? खानदेशी माणूस, समोर घोडी नाचतेय, खिशात बँड वाजतोय. पाय ऐकेनात हो! घाणीची पिशवी डोक्यावर गरगर फिरवत मीही नाचलो. शेरूचा पट्टा माझ्या पायांत, मी साहेबांच्या अंगावर, आणि साहेब फेट्यासकट झुडपात.

त्या गडबडीत फोन उचलला गेला. आतून आवाज आला, “फेटा बसना का बरोबर?”

सगळं संपलं, असं वाटून मला खरंच रडू आलं. शेरू मात्र एका जागी बसून होता, मी शिकवल्याप्रमाणे. रानीही बँड थांबताच गप्प उभी.

साहेबांनी कपडे झटकले, दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, “कूतरो डाह्यो छे. घोडी पण डाही छे.” म्हणजे शहाणी आहेत दोघं. मग डोक्यावरचा फेटा काढून माझ्या हातात कोंबला.

फाटकावर आता नवी पाटी लागलीय. कुत्र्यांना पट्टा हवा, घोड्यांना लगाम हवा, आणि खाली लाल अक्षरांत, बागेत सत्कार करण्यास सक्त मनाई.

रोज सकाळी शेरू शेपटी हलवत सरळ आत जातो. फाटकावर झडती होते ती माझी.