ओरडायला सांगितलं तेव्हा

कराटेच्या क्लासमधला माझा तिसरा आठवडा होता. शेजारी उभी असलेली आठ वर्षांची मुलगी ठोसा मारताना इतक्या जोरात ओरडली, की खिडकीतली कबुतरं उडाली. माझं वय त्रेचाळीस. माझी मूठ पुढे गेली, पण तोंडातून आवाजच आला नाही.

"ताई, ओरडा," सर म्हणाले. "पोटातून आवाज काढा."

पुन्हा ठोसा मारला. घसा खाकरल्यासारखं काहीतरी झालं.

नाव घालण्याआधी मी सगळी चौकशी केली होती. गुडघे दुखतील का, पांढरा ड्रेस कुठे मिळेल, बांगड्या काढाव्या लागतील का. ओरडावं लागतं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. लाथ अवघड जाईल असं वाटलं होतं, ती दुसऱ्याच आठवड्यात जमली. हळू बोल, हळू हस, हे ऐकत मी मोठी झाले आणि पुढे मुलीलाही तेच सांगत राहिले. मध्यंतरी बसमध्ये एक माणूस मुद्दाम खेटून उभा राहिला, तेव्हाही मी नुसती पुढे सरकले. त्याच चिडीने तर इथे आले होते.

"अजून एकदा," सर म्हणाले.

डोळे मिटून सगळा जोर लावला. आवाज निघाला, पण दारात आलेल्या पाहुण्यांना "या ना" म्हणावं तसा.

शेजारच्या मुलीने माझ्याकडे नीट पाहिलं. "काकू, तुम्हाला राग येत नाही का?"

"येतो गं. खूप येतो," मी म्हणाले, आणि तेही हळूच.